आधी तुम्ही काय करत होतात?

माझी धाकटी जाऊ कुत्र्यांची मास्तरीण आहे. आमच्या सासूबाई हे येणाऱ्याजाणाऱ्याला थांबवून सांगतात. मी तेव्हा ओसरीत शिलाई मशीनवर बसलेली असते. पाय जरा जोरात चालवते, म्हणजे पुढचं ऐकू येत नाही.

नालवाडीच्या पुढं तारेचं कुंपण घातलेला एक प्लॉट आहे. सावंगीच्या एका डॉक्टर मॅडमनी तो घेतला आणि तिथं कुत्र्यांचा वर्ग सुरू केला. आडव्या दांडीवरून उडी मारायची, ओळीनं रोवलेल्या काठ्यांमधून नागमोडी पळायचं, वरखाली होणाऱ्या फळीवरून चालायचं, ताडपत्रीच्या बोगद्यात शिरून दुसरीकडून निघायचं. मालकानं शेजारून पळत रस्ता दाखवायचा. कुत्रं लवकर शिकतं, मालक शिकत नाही, म्हणून मास्तर लागतात.

मास्तर तेव्हा तिघं होते. नवीन लोक वर्गाला आले की पहिल्या रविवारी मॅडम मास्तरांना पुढं उभं करतात आणि विचारतात, आधी तुम्ही काय करत होतात? आपलं जनावर कोणाच्या हाती देतोय ते लोकांना कळावं, असं त्यांचं म्हणणं.

पहिले काका पोलिसात होते, श्वानपथकात. बेवारस बॅग दिसली की आधी त्यांचा कुत्रा जायचा, मागे दोरी धरून ते. ते मोजकंच बोलतात, तरी लोक गप्प होऊन ऐकतात. दुसरे सर जिल्हा परिषदेच्या शाळेत पीटी शिकवायचे. पोरांना अडथळ्यांची शर्यत शिकवली, आता कुत्र्यांना शिकवतो, म्हणतात, आणि पोरांपेक्षा कुत्री बरी, घरून चिठ्ठी आणत नाहीत. सगळे हसतात.

मग धाकटी. तिचं माहेर कारंज्याकडं, हायवेला लागून. "मी बकऱ्या राखायची," ती सांगते. "रोज कळप घेऊन रोड ओलांडा लागे. ट्रकवर ट्रक. मी हात असा आडवा केला की एक बकरी हालत नव्हती." ती हात आडवा करून दाखवते आणि लोक टाळ्या वाजवतात. ती मॅडमच्या घरी धुणंभांडी करत होती, तेव्हा त्यांचा कुत्रा मॅडमचं सोडून हिचं ऐकायचा. तिथून ती इथवर आली.

मला त्या बकऱ्यांचा हेवा वाटायचा. पोलीसकाकांचा नाही, सरांचा नाही, ते मोठे लोक. पण बकऱ्या कोणीही राखतं. माझ्या बापाकडं असत्या तर मीही राखल्या असत्या. मी चौथीनंतर घरी राहिले, लहान भावंडं सांभाळली, मशीन शिकले, लग्न झालं. यातलं काही हात आडवा करून दाखवता येत नाही.

तिथलं शिवणकाम धाकटीनंच मला मिळवून दिलं. बोगदा मी शिवला. ताडपत्री मशीनवर चढत नव्हती, जाड सुईनं हातानंच टाके घातले. दुरुस्तीला जायची तेव्हा कोपऱ्यात बसून मी वर्ग पाहत असे. धाकटी मालकांना एकच गोष्ट पुन्हापुन्हा सांगे, "तोंड बंद ठेवा. तो तुमच्या पायाकडं पाहते. पाय जिकडं वळन तिकडं तो जाईन." घरी स्वयंपाकघरात कोणी नसलं की मी ओट्यापासून मोरीपर्यंत तसे पाय वळवून पाहत असे. एकदा सासूबाईंनी पाहिलं. "काऊन वं, पायाले मुंग्या आल्या का?" मी हो म्हटलं.

थंडीच्या सुरुवातीला मास्तरांसाठी जॅकेटं आली. निळी, पाठीवर पांढऱ्या अक्षरांत 'प्रशिक्षक'. धाकटी बारीक, तिला ढगळ झालं.

"बाई, बाजूनं कमी करून द्या. आतलं कापड कापून टाकजा, बोचते."

ती बाहेर गेल्यावर मी ते घालून पाहिलं. मला जसं होतं तसंच बसलं. मग काढलं आणि तिच्या मापाला टीप मारली. आतलं कापड मात्र कापलं नाही. अंग कमीजास्त होतं, म्हणून शिवणकाम करणारी बाई सहसा कापड तोडत नाही. बोचू नये म्हणून दुमडून घातलं.

त्याच आठवड्यात बोगदा आतून उसवला. मी आत शिरून टाके घालत होते, तर बाहेर मॅडमचा आवाज आला. "लहान कुत्र्यांसाठी अजून एक बाई हवी आहे. तुझ्या जाऊबाई कशा आहेत?"

माझी सुई थांबली. इतके दिवस मला जे हवं होतं ते मी नवऱ्यालाही सांगितलं नव्हतं, आणि मॅडम ते आपणहून बोलत होत्या.

"आमच्या बाई?" धाकटी हसली. "त्याईच्या तोंडातून शब्द निघत नाई, मॅडम. कुत्र्याले काय सांगतीन त्या?"

मॅडमही हसल्या आणि दोघी पुढं गेल्या. मी आत आहे हे धाकटीला माहीत होतं. दुपारचा चहा तिनंच बोगद्याच्या तोंडाशी आणून ठेवला होता.

त्या रात्री जेवण गेलं नाही. ती बोलली ते खोटं नव्हतं, म्हणून जास्त लागलं. आणि तोंड बंद ठेवा, असं लोकांना शिकवते कोण? तीच. माझं तोंड तर जन्मापासून बंद आहे.

रविवारी टाके दाखवायच्या निमित्तानं मी मॅडमजवळ गेले. धाकटी तिथंच होती. मी म्हटलं, "मॅडम, कुत्र्याले बोलणं लागत नाई न? पाय लागते. धाकटी असंच शिकवते."

धाकटीनं माझ्याकडं पाहिलं.  मॅडमनी एक छोटं पांढरं पामेलियन कुत्रं मागवलं आणि दोरी माझ्या हातात दिली.

मी पदर खोचला, दोरी सोडली. पहिली उडी त्यानं मारली. दुसऱ्या दांडीशी मी गडबडले, पाय भलतीकडं गेला, आणि ते सरळ पोलीसकाकांकडं जाऊन बसलं. "परत," काका म्हणाले. परत पळाले. या वेळी ते माझ्या चपलांकडं पाहत तिन्ही दांड्यांवरून आलं आणि बोगद्यात शिरलं. मी दुसऱ्या तोंडाशी जाऊन उभी राहिले. ते बाहेर आलं.

"लहान कुत्र्यांचा वर्ग बुधवारी असतो. दर बुधवारी या," मॅडम म्हणाल्या.

पुढचे नवीन लोक आले तेव्हा चौघांच्या ओळीत मी शेवटी उभी होते. माझी पाळी आली. "शिवणकाम," मी म्हटलं. मग आठवलं म्हणून, "हा बोगदा मी शिवला." लोकांनी बोगद्याकडं पाहिलं, मान हलवली. एक जण मोबाईल पाहत होता. टाळ्या झाल्या नाहीत. माझ्या आधीच बकऱ्यांना झाल्या होत्या.

घरी येताना धाकटी म्हणाली, "एखांदी म्हैस तरी सांगा लागत होती, बाई. लोकाईले तेच आवडते."

"नव्हती म्हैस."

"माह्या बापाच्या तरी कुठं होत्या बकऱ्या? मालकाच्या होत्या." थोडं चालून ती म्हणाली, "तुमाले पायजे होतं त मले काऊन नाई सांगतलं?"

"तू इचारलं होतं?"

 घराजवळ आल्यावर तिनं जॅकेट काढून माझ्या हातात दिलं. नवीन येईपर्यंत बुधवारी मी घालावं, इतर दिवशी ती घालेल. "पण तुमाले होणार नाई. कापड त तुमी कापलं असन."

मी टीप उसवली. आतलं कापड जसंच्या तसं होतं. बुधवारी घातलं तेव्हा ते मला बसलं, फक्त बाह्या कोपराशी तिच्या हातांसारख्या वाकलेल्या होत्या, आणि वर्गातलं एक काळं कुत्रं धावत येऊन मला हुंगून मागं वळलं, तिला शोधत. बुधवार झाला की मी पुन्हा तिच्या मापाची टीप मारते. कापड ठेवा असं तिनं सांगितलेलं नाही, तरी मी ते अजूनही कापत नाही.