वाळूखालचा आवाज
दारात बांधकामाची ओली वाळू पडली, की तिच्या वासाने मला कोल्हारजवळचा प्रवरेचा आटलेला डोह आठवतो. बहात्तरच्या दुष्काळात तिथे उरलेली एकच मगर काठ सोडीना, तेव्हा शेळ्यांच्या काळजीने गावाने तिला कुऱ्हाडींनी मारली. चार दिवसांनी त्याच काठावर वाळूखालून "टुंक टुंक" ऐकू आलं. गावात प्राणिशास्त्र शिकणारा मी एकटाच. "बेडकं आहेत, पाऊस आलाच!" मी छातीठोक सांगितलं. चुलत्यांनी फावडं उचललं, "उकरून बघू का रं, पंडित?" "नका काका, बिचारी भितील." बायांनी वर हळदकुंकू वाहिलं. आवाज थांबल्यावर चुलत्यांनी उकरलंच. फुटक्या अंड्यांत वीतभर पिल्लं मरून पडली होती. "ही व्हय तुजी बेडकं?" पिल्लांची हाक ऐकून आईच वाळू उकरते, हे मी चाळिशीत वाचलं. घरात पोरांना मी हा किस्सा बेडकांपर्यंतच सांगतो. तिथवर सगळे पोट धरून हसतात.