पाठीवरचा खिसा

ग्रंथालयातल्या बाईंनी पहिलाच कुर्ता शिवला आणि घाईघाईत पाठीच्या तुकड्यावर खिसा बसवला. उसवणं त्यांच्या जिवावर यायचं, म्हणून त्या तसाच घालून कामावर गेल्या.

"हे काय, बाई?" शिपाईकाकांनी विचारलं.

"माझी पद्धत," बाई तोऱ्यात म्हणाल्या आणि पेन मागच्या खिशात खोचलं.

बाई रोज दिवसभर कपाटाकडे तोंड करून पुस्तकं लावत. वाचक मागून हळूच पेन काढायचे, वहीत सही करून परत ठेवायचे.

वर्षभरात हात बसला. बाईंनी अगदी बिनचूक कुर्ता शिवला, खिसा पुढे. त्या दिवशी एक आजोबा त्यांच्या पाठीमागे बराच वेळ ताटकळले. शेवटी खाकरून म्हणाले, "बाई, कुर्ता मागचा पुढे घातलात की काय?"

घरी जाऊन बाईंनी चहाच्या आधी खिसा उसवला.