सासूबाईंच्या बर्थला पडदा

कोल्हापूर सोडताना आमच्या गल्लीतली निम्मी माणसं दारात उभी होती. आम्हाला निरोप द्यायला नव्हे, माझं खोकं बघायला. जीपच्या मागे जोडायची ही चाकांवरची खोली मी एका मित्राच्या कारखान्यात हौसेनं बांधून घेतली होती. इंग्रजीत तिला कॅराव्हॅन म्हणतात. गल्लीत तिचं बारसं झालं ते ‘खोकं’ म्हणून. आत रेल्वेसारखे समोरासमोर दोन-दोन, एकावर एक असे चार बर्थ, स्टोव्हला कट्टा, पाण्याची टाकी, घडीचं टेबल. मी सगळ्यांना फिरवून दाखवत होतो. कुणी नुसतं ‘छान’ म्हटलं तर मला राग येत होता.

बरोबर माझी बायको सुमन आणि तिची आई. पन्हाळ्याच्या पायथ्याच्या गावात सासूबाईंचा सारा जन्म गेला, पण समुद्र त्यांनी पाहिला नव्हता. ‘एकदा बघायचा हाय,’ एवढंच त्या लेकीला म्हणाल्या होत्या. मला नव्हे. माझ्याशी त्या बोलतच नसत. लग्नाला चार वर्षं झाली होती, तरी मी समोर आलो की त्यांचा पदर पुढे येई आणि काय हवं-नको ते सुमनमार्फत विचारलं जाई.

आंब्याचा घाट उतरून पहिला मुक्काम साखरप्याला केला. सकाळी उठलो तर सासूबाई बर्थवर पाठ ताठ करून बसलेल्या, डोळे लाल. रात्रभर आडव्या झाल्याच नव्हत्या.

तिथून रत्नागिरी गाठलं. भाट्याच्या पुळणीपासून (वाळूच्या किनाऱ्यापासून) थोडं अलीकडे एका ओळखीच्यांच्या हापूसच्या बागेत आम्ही खोकं लावलं. बागेच्या मालकीणबाई, काकू, हसतमुख बाई. त्यांनी घावन (तांदळाच्या पिठाचे पातळ डोसे) आणि नारळाचं गोड दूध पुढे ठेवलं. मी सहावं घावन घेत असताना सुमननं बातमी दिली.

“आई दुपारच्या एसटीनं परत जाते म्हणते.”

“समुद्र न बघता?”

“जावयासमोर पाय पसरून झोपू होय, म्हणते. दुसरी रात्र तिला बसून निघायची नाही.”

मी म्हणालो, मग मी बाहेर जीपमध्ये झोपतो. सुमन आत जाऊन निरोप घेऊन आली: जावई बाहेर आणि सासू आत, हे तर त्याहून वाईट. काकूंच्या घरात मे महिन्याची मुंबईची पाहुणेमंडळी ओटीपर्यंत भरली होती. लॉजवाल्यांनीही हात वर केले. माझं डोकं तापलं. चार बर्थ, टाकी, टेबल, सगळं सुचलं, आणि बाईमाणसाला आडोसा लागतो हे कसं सुचलं नाही? त्याहून जास्त वाईट वाटलं ते सासूबाईंचं. समुद्र इतका जवळ होता की त्याचा आवाज बागेत ऐकू येत होता, आणि त्या गाठोडं बांधून बसल्या होत्या.

मी जीप काढून बाजारात धावलो. शिंप्यानं मान वर न करताच सांगितलं, “लग्नसराई आहे हो. परवा या.” मग कापडाच्या दुकानात शिरलो. हवा खेळती राहावी म्हणून मोठ्या अकलेनं झिरझिरीत कापड घेतलं, पडद्याच्या स्प्रिंगा आणि हूक घेतले आणि विजयी मुद्रेनं परतलो.

काकूंनी कापड उजेडात धरलं आणि पलीकडून माझ्याकडे पाहिलं.

“जावयानं कापड आणलंन, पण मला तर तुमच्या मिशा दिसताहेत हो! हा पडदा की मच्छरदाणी?”

सुमन हसत सुटली. मी काही हसलो नाही. पुन्हा बाजारात जाऊन येईपर्यंत एसटी निघून जाणार होती.

“एखादं लुगडं असेल तर बघा,” काकू म्हणाल्या. “आमचं पायमशीन आहे. घटकेत शिवू.”

पायरीवर बसलेल्या सासूबाईंनी गाठोडं सोडलं. आतलं हिरवं सुती लुगडं काढून त्यांनी लेकीपुढे केलं.

“आई, हे तर नेसायचं!”

“नेसायला अंगावर हाय की. काप.”

काकूंनी मशीन अंगणात घेतलं, सुमननं कापड धरलं. स्प्रिंगा अडकवायचं काम माझं, पण बर्थच्या गुळगुळीत खांबांवरून हूक सारखे घसरत. शेवटी काकूंनी दिलेला सुंभ (काथ्याची दोरी) गुंडाळला, तेव्हा ते घट्ट बसले. दुपारी चारही बर्थना हिरवे पडदे लागले. एसटी कधीच गेली होती.

जेवणात फणसाची भाजी आणि सोलकढी होती. सगळे सुस्तावलो. सासूबाई खालच्या बर्थवर गेल्या, पडदा सर्रकन ओढला. मी समोरच्या बर्थवर माझा पडदा ओढून पडलो. मग हिरव्या कापडामागून आवाज आला.

“जावईबापू, झोपला का?”

मी दचकून उठलो आणि डोकं वरच्या बर्थवर आपटलं.

“न-नाही, आई.”

“घाटात गाडी लई जोरात मारता तुम्ही. माझा जीव गळ्यात आला होता.”

“चुकलं आई. सावकाश चालवीन.”

“आणि सहा घावनं खाल्ली तुम्ही. माझी लेक घरात जेवाय घालत नाही का?”

वरच्या बर्थवरून सुमनचं हसू फुटलं. मग आमची गप्पांची गाडी जी सुरू झाली ती थांबेना. माझ्या वडिलांची तब्येत, सासूबाईंच्या म्हशी, सुमननं लहानपणी केलेले उपद्व्याप. चार वर्षांचं साठलेलं त्या पडद्याआडून बोलत होत्या, आणि मध्येच, बोलता बोलता, घोरायला लागल्या. इतक्या आनंदानं कुणाचं घोरणं मी कधी ऐकलं नव्हतं.

संध्याकाळी पुळणीवर गेलो. उघड्यावर पदर पुन्हा पुढे आला, बोलणं पुन्हा सुमनमार्फत. पण पहिली लाट पायाखालून वाळू घेऊन गेली तशी त्यांनी किंचाळून जो हात सापडला तो धरला. तो माझा होता. त्यांनी सोडला नाही. गुडघ्यापर्यंत भिजून, पदर सावरायचा विसरून त्या हसत राहिल्या.

तीन दिवसांनी परतीच्या वाटेवर त्यांना गावी सोडायला थांबलो. मी सोप्यात (पुढच्या पडवीत) टेकलो. वाटलं, संपली आपली मजा, इथं पडदे कुठले. आता सुमन आत जाईल, निरोप घेऊन येईल.

स्वयंपाकघराच्या दाराआडून बांगड्या वाजल्या.

“जावईबापू, चहात साखर किती?”

“आई, मला विचार की,” सुमन म्हणाली.

“तुला कशाला? त्यांना तोंड हाय.”