गाभोळीचे बांगडे

आक्काने बाजारात बावीस वर्षं लोकांना मासे साफ करून दिले. सुशी हा जपानी पदार्थ विकणाऱ्या छोट्या हॉटेलात तिला काम मिळालं, तेही हाताच्या त्याच सफाईमुळे. जपानमध्ये शिकून आलेला मालक एकदा बाजारात तिच्यासमोर बराच वेळ उभा राहिला. तिने बांगड्याचा काटा असा अलगद सोडवला, की कणभर मांस वाया गेलं नाही.

"माझ्याकडे याल का?" त्याने विचारलं. आक्काला वाटलं, थट्टाच करतोय.

पहिला आठवडाभर तिने तिथलं काही तोंडात घातलं नाही. कच्चा मासा म्हटलं की तिच्या अंगावर शहारा येई. मग एका दुपारी मालकाने मीठ आणि व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या बांगड्याची फाक कोमट भातावर ठेवून तिच्यापुढे सरकवली. आक्काने डोळे मिटून खाल्ली. मग म्हणाली, "इतकी वर्षं मी नुसतीच कापत होते म्हणायची."

तिच्या शब्दावर हॉटेलची मासळी तिच्या धाकट्या भावाच्या होडीवरून यायला लागली. मासळी आक्काने पारखायची, असं मालकाने ठरवून टाकलं होतं.

एका सकाळी भावाने मागच्या दाराशी पेटी उतरवली. निम्मे बांगडे वीतभरही नव्हते. उरलेल्यांची पोटं अंड्यांनी, गाभोळीने तट्ट फुगलेली.

"हे परत ने," आक्का म्हणाली.

"ताजे आहेत की. डोळे बघ त्यांचे."

"ताजे आहेत रे. पण अर्धी पिल्लं आहेत, अर्ध्या पोटुशी. सगळेच आज कापले, तर पुढच्या वर्षी पकडशील काय?"

"मी सोडले तर दुसरा उचलेल."

"दुसऱ्याचं मला माहीत नाही. माझ्या फळीवर नकोत."

भावाचा चेहरा उतरला. "बावीस वर्षं हेच कापलंस ना? तेव्हा नाही सुचलं?"

हे आक्काच्या जिव्हारी लागलं, पण ती खोटं बोलली नाही. "नाही सुचलं. चुकलंच माझं."

त्याने पेटी उचलली आणि त्या दिवसापासून अबोला धरला. त्या दुपारी गिऱ्हाइकांना काकडी, अंडं आणि शिंपल्यांवर भागवावं लागलं. दोघं-तिघं नाक मुरडून उठून गेले. सख्ख्या भावाला दारातून परत पाठवलं, ही सल आक्काच्या मनातून काही जाईना.

तीन महिन्यांनी भावजय नवऱ्याला जवळजवळ ओढतच घेऊन आली. दोघं फळीसमोरच्या उंच खुर्च्यांवर बसली. आक्काने काही न विचारता दोन बशा पुढे ठेवल्या. भावाने एक घास खाल्ला, मग दुसरा.

"कुणाचा मासा?" त्याने बशीकडे बघतच विचारलं.

"पलीकडच्या धक्क्यावरचा. गळाने धरलेला."

"मोठ्या भोकांची जाळी घेतलीत, ते सांगा की," भावजय म्हणाली.

"एकच घेतलंय," तो पुटपुटला. "मासा कमी लागतो त्यात. आधीच सांगतो."

"कमी तर कमी," आक्का म्हणाली. "पोटुशी तेवढ्या सोड, बाकी जे लागेल ते आण."

भाऊ मान खाली घालून खात राहिला. बशी रिकामी झाल्यावर ती आक्काकडे सरकवत म्हणाला, "आक्का, भात थोडा जास्त घाल."