रांगेतले दगड मी नीट मांडले

नांदेडहून चित्रकला शिक्षकाचा कोर्स करून मी लातूरला परत आले, तेव्हा माझ्याकडे एक प्रमाणपत्र होतं, एक रंगपेटी होती आणि एक खूळ होतं. निरोपाच्या दिवशी आमच्या सरांनी सगळ्या वर्गाला सांगितलं होतं, "रोज एक पान काढा. एकही खाडा नको. वर्षानं वही दाखवायला या. तुम्ही कोण, कुठले, हे त्या वहीत दिसलं पाहिजे." वर्गातल्या बाकीच्यांनी टाळ्या वाजवल्या आणि ते नोकऱ्या शोधायला गेले. मनावर घेणारी मी एकटीच निघाले. पुढे वर्षानं सरांनी ती वही पाच मिनिटांत चाळली, "दळायची जाती फार झाली" म्हणाले आणि चहा मागवला. पण ते वर्ष संपेपर्यंत मला हे ठाऊक नव्हतं, त्यामुळे मी मराठवाड्याची ओळख एकटीच्या खांद्यावर घेऊन फिरत होते.

लातूर तेव्हा नुकतंच जिल्ह्याचं गाव झालं होतं. पाट्यांवरचा 'जि. उस्मानाबाद' खरवडून त्यावर 'जि. लातूर' रंगवण्याचं काम जोरात होतं आणि घाईत दिलेल्या रंगातून जुना जिल्हा खालून डोकवायचा. वहीचं पहिलं पान तेच. मला वाटलं, काय विलक्षण पकडलंय आपण. वडिलांचं भुसारीचं दुकान होतं, ते म्हणाले, "पेंटरला सांगायला पाहिजे, दुसरा हात दे म्हणून."

जिल्हा आला आणि पाणी गेलं. पेढे वाटून झाले, पण त्यावर प्यायला पाणी नाही अशी गत. आडाचा तळ दिसत होता, नळ कोरडे होते, दर तिसऱ्या दिवशी गल्लीत टँकर यायचा. अशा वेळी मी माध्यम कोणतं निवडावं, तर जलरंग. आईनं मला रोजची एक वाटी पाणी मंजूर केली, तीही तांदूळ धुतलेली. कुंचला धुतलेलं पाणी टाकून द्यायचं नाही, दारातल्या बेलाच्या रोपाला घालायचं. ते रोप त्या वर्षी निळं, तांबडं, पिवळं सगळं प्यायलं आणि तरी जगलं. माझ्या चित्रांपेक्षा त्याची तब्येत बरी होती.

ओळख शोधायची म्हणजे काय करायचं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. म्हणून जे जुनं दिसेल ते मी काढत सुटले. घरातलं जातं अकरा वेळा काढलं. बाराव्या वेळी आईला म्हटलं, "तू जात्यावर बस ना, दळत असल्यासारखी." आई म्हणाली, "कोपऱ्यावर गिरणी हाय. मी कशाला दळू?" तरी बसली बिचारी, पण सगळा वेळ गिरणीवाल्यानं मागच्या वेळी पीठ जाडं दिल्याची तक्रार करत राहिली. वडील सकाळी इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायचे. एकदा मी समोर वही घेऊन बसले आणि "अप्पा, हात जरा उजेडाकडे" असं म्हणून गेले. त्यांनी डोळे उघडले आणि नुसतं बघितलं. पुढे आठ दिवस मी त्या खोलीत पेन्सिल नेली नाही.

तर अशी मी, विषयाच्या शोधात वणवण करणारी. आणि विषय माझ्या दारासमोर रांगेत उभा होता.

टँकर सकाळी यायचा. पण त्याच्यासाठी ताटकळत कोण उभं राहणार? म्हणून आदल्या दुपारीच प्रत्येक घर आपली एकेक वस्तू रांगेत ठेवून जायचं. घागरी ठेवायला कुणी धजत नसे, त्या चोरीला जात. म्हणून कुणाची वीट, कुणाची तुटकी चप्पल, कुणाचा गंजका तेलाचा डबा, कुणाचा फुटका माठ. आमचा होता चेपलेला पितळी तांब्या. ज्याची वस्तू जिथे, त्या घराचा नंबर तिथे. दुसऱ्याच्या वस्तूला हात लावायचा नाही, एवढा एकच कायदा, आणि तो लहान पोरंसुद्धा पाळायची. त्या रांगेवरून चेंडू गेला तर उडी मारून आणायची, पण वीट हलू द्यायची नाहीत.

एका दुपारी, मुलींच्या शाळेत चित्रकलेचे तास घेऊन येताना, मी ती रांग पहिल्यांदा 'पाहिली'. ऊन तिरपं झालं होतं आणि प्रत्येक वस्तूची लांब सावली पडली होती. बायका घरात, आणि त्यांच्या जागी त्यांच्या वस्तू उभ्या. माझ्या अंगावर काटा आला. हीच आपली ओळख, सरांना हेच हवं होतं. मी तिथेच पायरीवर बसले आणि वही उघडली.

पण रचना जमेना. सगळ्यात पुढे एक काळा ओबडधोबड दगड होता. त्यात ना रंग, ना आकार, ना संस्कृती. तेलाचा डबा मधोमध उभा राहून मागचं सगळं झाकत होता. तांबडी वीट, एवढी सुंदर वीट, मागे कुठेतरी दडलेली. शिकवताना मीच मुलींना सांगायची, वस्तुचित्रात आधी मांडणी, मग पेन्सिल. मी उठले. वीट पुढे आणली, डबा मागे नेला, माठ आडवा केला. पितळेवर ऊन छान चमकत होतं म्हणून आमचा तांब्या सगळ्यात पुढे ठेवला. काळा दगड उचलून शेवटी टाकला, तो पानात अर्धाच आला. मग तासभर मी जगाला विसरून चित्र काढलं. आणि चित्र झाल्यावर, देवाशपथ, आधी कसं होतं तेही विसरले. आईला दाखवायला घरात धावत गेले.

आई म्हणाली, "तांब्या लई गोड काढलास." तेवढ्यात हॉर्न वाजला. उद्याचा टँकर आजच आला होता.

मी बाहेर आले तोवर भांडण पेटलं होतं. रांगेत पहिला नंबर अक्काचा होता. अक्का म्हणजे आमच्या समोरची विधवा बाई, उदगीरकडची, कानडी वळणाचं बोलणारी, म्हणून सगळी गल्ली तिला अक्का म्हणायची. तिची लेक बाळंतपणाला आली होती आणि घरात नऊ दिवसांचं बाळ होतं. त्यामुळे अक्का भर उन्हात, सगळ्यांच्या आधी येऊन आपला दगड ठेवून गेली होती. तो काळा दगड.

"माझा दगड पयला हुता," अक्का म्हणत होती.

"आता तर शेवटाला हाय," विटेची मालकीण म्हणाली. "पाय फुटले का त्याला?"

टँकरवाला घाई करत होता. जो तो आपली वस्तू कुठे होती ते शपथेवर सांगत होता. मी तोंड उघडणार, तेवढ्यात कुणीतरी म्हणालं, "बाई वही घेऊन बसल्या होत्या की. त्यांच्या वहीत असंल."

आजवर माझ्या वहीची गल्लीला काडीची किंमत नव्हती. आता अचानक सगळ्यांना ती बघायची होती. वही हातोहात फिरली. बायका वाकून वाकून पाहत होत्या. ही माझी वीट, हा तुझा डबा, भोकसुद्धा काढलंय बघा. माझ्या चित्राचं इतकं बारकाईनं कौतुक ना त्याआधी झालं, ना नंतर. मला लाज वाटायला हवी होती. खरं सांगते, आधी मला बरं वाटलं.

वही अक्काच्या हातात आली. तिनं पानाच्या कडेचा अर्धा दगड पाहिला आणि माझ्याकडे पाहिलं.

"पोरी, तू डोळ्यानं बघून काढलंस न्हवं?"

"हो," मी म्हणाले.

बघूनच काढलं होतं. एका अक्षरानं खोटं नव्हतं. एवढ्या बायांसमोर 'मीच हलवलं, चित्रासाठी' असं म्हणायला माझी जीभ रेटली नाही. त्या उन्हाळ्यात पाण्याची रांग चित्रासाठी हलवणाऱ्या मुलीला गल्लीनं उभं सोललं असतं.

"मग मीच चुकले असंन," अक्का म्हणाली. "बाळंतिणीच्या नादात ध्यान न्हाई राहिलं." आणि दोन्ही घागरी उचलून ती शेवटी जाऊन उभी राहिली. आमची पहिली घागर भरली. विटेची भरली, डब्याची भरली. अक्काचा नंबर आला तेव्हा नळीतून थोडा फेस आला आणि हवा आली.

घरात येऊन मी आईला सगळं सांगितलं. वाटलं, आई माझी बाजू घेईल, निदान चिडेल तरी. तिनं भरलेल्या घागरीवरचं फडकं नीट केलं आणि घागर माझ्यापुढे सरकवली.

"घेऊन जा. अन् तोंडानं सांग."

समोरचं दार म्हणजे वीस पावलं. पण घागर कमरेवर घेऊन मी ती चालले तेव्हा नांदेड जवळ वाटलं. अक्का उंबऱ्याच्या आत बसली होती. आतून बाळ रडत होतं आणि लेक त्याला थोपटत होती. मी घागर ठेवली आणि सांगून टाकलं. वीट का पुढे आणली, तांब्या का, दगड का मागे टाकला, सगळं. मधेच "रचना" हा शब्दसुद्धा वापरला, देव मला क्षमा करो.

अक्कानं सगळं ऐकून घेतलं. रागावली नाही. अगदी साधेपणानं विचारलं, "मग चित्र तरी चांगलं झालं का?"

टोमणा असता तर सोसला असता. पण तिला खरंच जाणून घ्यायचं होतं, नऊ दिवसांच्या बाळाचं पाणी कशावर खर्च झालं ते. मला रडू यायला लागलं. 'नाही, वाईट झालं' असं म्हणून सुटावंसं वाटलं, पण त्या दिवशीचं एक खोटं पुरे होतं.

"झालं, अक्का," मी म्हणाले. "वहीतलं सगळ्यात चांगलं तेच आहे."

तिनं मान हलवली. घागर उचलून निम्मं पाणी तिच्या हंड्यात ओतलं आणि निम्मी घागर माझ्याकडे परत दिली.

"तुमच्या घरात बी पिणारी माणसं हाईत," ती म्हणाली. "आणि आता ऊन उतरलंय, उजेड हाय तवर जाऊन माझा दगड हुता तिथं ठेवून ये, पुढल्या टँकरला."

मी रांगेकडे गेले. बाकीच्या वस्तू ज्याच्या त्यानं नेल्या होत्या. दगड एकटाच पडला होता. उचलायला गेले तर तो मघापेक्षा कितीतरी जड लागला, आणि पहिली जागा नेमकी कुठे होती, ते मला आठवेना.