चुलीमागं एक वाटा

माझे सासरे गावच्या सोसायटीचे चेअरमन होते, आणि खोटं बोलताना त्यांच्या मिशा हलत. हे घरातल्या साऱ्या बायकांना ठाऊक होतं, फक्त त्यांनाच नव्हतं.

मोठ्या दुष्काळात सरकारनं वाटलेली सुकडी खाऊन बायकांनी गावामागच्या डोंगरावर बांध घातले. पुढं गावानं तिथली चराई बंद केली. भूमिहीनांचे लई हाल झाले. वस्तीवरल्या एका म्हातारीनं तर होत्या नव्हत्या त्या शेळ्या विकल्या. तिसऱ्या वर्षी डोंगरावर कमरेएवढं पवन्या गवत उभं राहिलं आणि गावात भांडण लागलं, की हे गवत कुणाचं?

"ज्याची जितकी जनावरं, तितकं गवत," सासरे म्हणाले. आमचा गोठा भरलेला होता, त्यामुळं हा न्याय आमच्या घरी सगळ्यांना पटला.

म्हातारी सभेत उठली. "आमी शेळ्या इकल्या म्हून गवत उगवलं. चुलीमागं एक वाटा करा." गावानं माना डोलावल्या.

चुली मोजायला पंच दुसऱ्या दिवशी यायचे होते. सासऱ्यांनी सकाळीच आम्हा तिघी सुनांना अंगणात तीन-तीन दगड मांडायला लावले. जुनी धरून घरात चार चुली! माझी तर धड पेटेचना. मला रागही आला आणि हसूही.

पंचांबरोबर म्हातारीही आली. तिनं माझ्या चुलीचा दगड उलटा करून बघितला. कुठंच काजळी नव्हती.

"सूनबाई, तुमी येगळ्या ऱ्हाता व्हय?"

मागं सासऱ्यांच्या मिशा हलायला लागल्या. त्यांनी तोंड उघडायच्या आत मीच बोलले, "न्हाय आजी. आमची चूल एकच हाय."

बोलल्यावर फार बरं वाटलं. सासूबाई तोंडाला पदर लावून हसत होत्या. आम्हाला एकच वाटा मिळाला, म्हातारीला मिळाला तेवढाच. सासरे आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत.

शिमग्याच्या आतच आमचं गवत संपलं. म्हातारीकडं जनावर नव्हतं, तिची गंजी तशीच उभी होती. सासरे गाडी जुंपून, मला पुढं घालून तिच्या घराकडं गेले. "ए, गवत टाक गाडीत," त्यांनी रस्त्यावरूनच फर्मावलं.

म्हातारी शेंगा फोडत होती. तिनं मानही वर केली नाही. "नीट मागा की, चेअरमन. वाटा माजा हाय."

मी खाली बघत उभी राहिले.  मग सासऱ्यांनी पायातल्या वहाणा काढल्या, दारापाशी आले आणि म्हणाले, "मावशी, गवत द्या."