मावशीचं नाक आणि माझी पावडर

आमच्या बचत गटातल्या मावशीला वास येत नाही, असं सगळं गाव म्हणतं. ती स्वतःही म्हणते. ते खोटं आहे. तिला वास येतो, अगदी पहिल्यासारखा येतो. हे फक्त मला माहीत आहे, आणि त्या खोट्याची धनीण मीच आहे.

गोंडपिपरीपासून थोडं आत आमचं गाव. गटाचा जवसाच्या तेलाचा लहानसा घाणा आहे, विजेवर चालणारा. जवसाचं तेल आमच्याकडे चटणीवर कच्चं घेतात. चवीला छान, पण याच्याइतकं नाजूक तेल मी दुसरं पाहिलं नाही. हवा लागली, ऊन लागलं, की आधी जिभेला कडवट लागतं आणि मग त्याला नुकत्या रंगवलेल्या दारासारखा वास मारतो. पूर्वी सुतार लाकडाला हेच तेल चोपडायचे, त्यामुळे त्यात नवल काही नाही. खायचं असेल तर मात्र पंचाईत.

मावशी साठीच्या पुढची. नवरा लवकर गेला, एकुलती मुलगी कोरपन्याला दिलेली. रोवणीत धान लावायची, बाकीच्या दिवसांत घाण्यावर यायची. तिथं तिचं काम वास घ्यायचं. तळहातावर तेलाचा थेंब घ्यायचा, दुसऱ्या तळहातानं खसखसा चोळायचा, डोळे मिटून नाकाशी न्यायचा आणि निकाल द्यायचा. तिचा निकाल गावात शेवटचा असायचा. बायका तिच्याकडे तूप आणायच्या, साठवणीची डाळ आणायच्या, सुकी मासळी आणायच्या. लग्नघरी कढईत तेल ओतायच्या आधी तिला बोलावणं जायचं, आणि ती धुतलेलं लुगडं नेसून जायची. चार लोकांत तिला मानानं बोलवावं असं तिच्याजवळ तेवढं एकच होतं. हे मला तेव्हाही कळत होतं, म्हणून जास्त लागतं.

आता माझं सांगते. लग्नाआधी मी नागपूरकडे एका तेल कारखान्याच्या प्रयोगशाळेत होते. शिकलेली सून म्हणून गटात माझा रुबाब होता, आणि तो मी मिरवायचेही. तेल टिकत नाही म्हणून दुकानदार घेत नाहीत, हे पाहून मी अँटीऑक्सिडंटची पावडर आणली. सोनाराकडे असतो तसा लहान काटा आणि तेल तपासायचं सामान आणलं. शंभर किलोला किती ग्रॅम टाकायची याची सरकारनं मर्यादा घातलेली आहे, तिच्या आतच टाकायची, हे सगळ्यांना पाठ करायला लावलं. बायकांनी विचारलं, ही करते तरी काय? मी म्हटलं, "घरात सासूचा राग थोरली सून अंगावर घेते आणि धाकटी वाचते का नाई? तशी हवा तेलावर यायच्या आधी ही पावडर पुढं होते." बायका खूप हसल्या. मावशीही हसली आणि म्हणाली, "मंग थोरली थकली का धाकटीची पाळी हायच."

अगदी बरोबर बोलली होती. पावडर बिघाड लांबवते, थांबवत नाही. आणि आधीच बिघडलेलं तेल तर तिच्या बापाच्यानंही सुधारत नाही.

आमच्याकडे तेलाचं भांडं पुरतं रिकामं करत नाहीत. घरात काही उरलं नाही, असं ते दिसतं म्हणे. त्यामुळे घाण्याच्या स्टीलच्या टाकीत तळाशी चार बोटं तेल कायम राहायचं आणि त्यावरच नवं पडायचं. विरजणाचं काय होतं ते आपल्याला ठाऊक आहे. जुनं खवट तेल नव्यालाही तसंच नासवतं. यावर मावशीनं स्वतःची तोड काढली होती. नवा जवस घाण्यावर यायच्या आधी ती तळचं तेल वाटीत काढून दिव्याला ठेवायची, टाकी राखेनं आणि कढत पाण्यानं घासायची, दिवसभर उन्हात उपडी घालायची आणि कुंकू लावून मगच आत आणायची. वाटीत तेल आहे म्हणजे घर रिकामं नाही, असा तिचा हिशोब. दुसरी कोणी त्या टाकीला हात लावायला धजत नव्हती.

कोरोना ओसरल्यानंतरचा तो उन्हाळा. मावशीला आदल्या वर्षी ताप येऊन गेला होता आणि दोन आठवडे तिला कशाचाच वास येत नव्हता. मग वास परत आला, पण ती गोष्ट गावाच्या लक्षात राहिली होती. त्या उन्हाळ्यात तिच्या मुलीचं बाळंतपण निघालं. कोरपन्याला जाताना ती मला म्हणाली, "बाई, टाकी तेवढी धुऊन घेजो." मी म्हटलं, "पावडर हाय ना मावशी, आता कायले धुवाची?" बायकांनाही ते बरंच वाटलं. टाकी धुतली गेली नाही.

चंद्रपूरच्या एका दुकानाची पहिली मोठी ऑर्डर आली होती. महिनाभरानं मावशी परतली तेव्हा टाकी भरलेली, पावडर टाकलेली, रिकाम्या बाटल्या मांडून ठेवलेल्या, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी टेम्पो यायचा होता. तिनं आल्या आल्या थेंब घेतला, चोळला, आणि सगळ्यांसमोर म्हणाली, "हे खायाचं नाई व माय. हे दाराले लावाचं तेल झालं."

माझ्या डोक्यात सणक गेली. इतक्या दिवसांची माझी मेहनत, आणि ही आली तशी एका थेंबावर निकाल देऊन राह्यली! मी म्हटलं, "मावशी, त्या तापापासून तुमचं नाक गेलं. तेल चांगलं हाय."

मावशीनं परत तळहात नाकाशी नेला. परत चोळला, परत वास घेतला. मग पदराला हात पुसत म्हणाली, "असंन बाई," आणि घरी गेली.

दुपारी सगळ्या जेवायला गेल्यावर मी टाकीतलं तेल तपासलं. आधी तपासलं होतं ते घाण्यातून नुकतं निघालेलं. टाकीतलं नव्हतंच तपासलं, इतका माझा शहाणपणा. या तपासणीत निळा रंग उडेपर्यंत औषधाचे थेंब मोजायचे असतात. जितके थेंब जास्त, तितकं तेल बिघडलेलं. मी मोजत राहिले आणि रंग काही उडेना. मावशीचं बरोबर होतं. मी वहीत आकडा लिहिला, वही मिटली, आणि बाटल्या भरायला घेतल्या. दुकानात लवकर खपून जाईल, असं स्वतःला सांगितलं. खोटं कशाला बोलू, तेलापेक्षा मला माझ्या शब्दाची काळजी होती.

पंधरा दिवसांत माल परत आला. बाटली उघडली की वार्निशचा भपकारा. बायका माझ्या तोंडाकडे पाहत होत्या, आणि मी म्हटलं, "दुकानदारानं बाटल्या उन्हात ठेवल्या असतीन. इथून गेलं तेव्हा तेल चांगलं होतं." पटण्यासारखं होतं, सगळ्यांना पटलं. मावशीही तिथंच होती. इथून गेलं तेव्हा चांगलं होतं, म्हणजे तिला आलेला वास खोटा होता. मी हे म्हणत असतानाच मला ते समजलं होतं, आणि तरी मी बोलत राहिले.

त्यानंतर तिनं कधी थेंब घेतला नाही. कोणी तूप घेऊन आलं तर म्हणायची, "माह्यं नाक आता खोटं सांगते व." हळूहळू बायका यायच्या थांबल्या. लग्नघरचं बोलावणंही थांबलं. टाकी मी आता दरवर्षी स्वतः घासते, राखेनं आणि कढत पाण्यानं, पण त्यानं मावशीचं काय भलं होणार?

तीन वर्षं गेली. यंदा मला राहवलं नाही. मी ती वही घेऊन तिच्या घरी गेले. तिची मुलगी आलेली होती, नात अंगणात खेळत होती. मी चुलीपाशी बसले आणि सगळं सांगितलं. टाकी, थेंब, आकडा, दुकानदारावर ढकललेलं, सगळं. सांगताना मला रडू आलं. "मावशी, तुमचं नाक कधीच गेलं नव्हतं. मी खोटी बोलली."

तिनं शांतपणे ऐकलं. मग माझ्या पाठीवरून हात फिरवला. "तू मनाची चांगली हायस बाई. म्हातारीले बरं वाटावं म्हनून बोलून राह्यली."

मी वही उघडून तो आकडा दाखवला. तिला वाचता येत नाही. तिनं पानाकडे पाहिलं आणि हसली. "आता लिवून आनलं का व माह्यासाठी? राहू दे. मले काई राग नाई."

मी आणखी काय काय बोलले ते आता आठवत नाही. ती नुसती मान डोलवत होती. मग उठली, शिंक्यावरचं दुधाचं पातेलं खाली काढलं आणि माझ्यापुढे धरलं.

"एवढं वास घेऊन सांग. पोरीले देऊ का नको?"

मी म्हटलं, तुम्हीच घ्या. तिनं पातेलं तसंच धरून ठेवलं. शेवटी मी वास घेतला. दूध चांगलं होतं. तसं सांगितलं, आणि माझ्या शब्दावर तिनं लगेच नातीला हाक मारली.